घरात काढलेलं वर्ष

"मास्क काढ म्हणावं त्याला. तोंडच दिसत नाही," खाटेवरून चित्रलेखा म्हणाली.

"अगं, कोर्ट चालू आहे," प्रल्हाद हळूच म्हणाला आणि त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

लॉकडाउनमुळे त्यांच्या मुलाच्या, यतीनच्या अपिलाची सुनावणी टूनगॅबी उपनगरातल्या त्यांच्या घरात, पडद्यावर आली होती. एका चौकोनात जजबाई, दुसऱ्यात तुरुंगातला यतीन, हिरव्या कपड्यांत. त्याच्या गाडीखाली सायकलवरचा एक म्हातारा गेला होता. खटला उभा राहीपर्यंत वर्षभर यतीन जामिनावर याच घरात होता. दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, ही अट. कुलूप प्रल्हाद लावायचा. कचऱ्याचा डबा रस्त्यावर न्यायलाही त्याने पोराला सोडलं नव्हतं.

आता शिक्षा कमी होणार होती. तुरुंगात काढलेला काळ तिच्यातून वजा होणारच होता. घरातलं वर्षही कोठडीसारखं धरून वजा झालं, तर यतीन आजच सुटला असता. नाहीतर ख्रिसमसनंतर. चित्रलेखा तोवर राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

औषधाने तिचा डोळा लागला. जजबाई निकाल वाचत होत्या. तुरुंगातला काळ त्यांनी पुरता धरला. मग त्या आईच्या जबाबावर आल्या. 'आम्ही त्याला काहीच कमी पडू दिलं नाही. रोज गरम पोळी, रविवारी मटण, खोलीत हीटर.'

प्रल्हादने डोळे मिटले. तो जबाब लिहून घेताना यतीनची वकील नीलिमाने फोनवर विचारलं होतं, "काकू, घरात त्याचे हाल झाले असतील ना?"

"हाल? माझ्या घरात?" चित्रलेखा उसळलीच होती. "लिही, काय काय करून घातलं ते."

अटी कडक होत्या, जजबाई म्हणाल्या, पण ते मायेचं घर होतं. कोठडी नव्हे. ते वर्ष धरता येणार नाही.

यतीनने मान खाली घातली. मग म्हणाला, "थँक यू, युअर ऑनर."

पडदा काळा झाला. लगेच नीलिमाचा फोन आला.

"काका, सॉरी. काकूंचं ते स्टेटमेंट..."

"राहू दे गं. खरंच आहे ते."

चित्रलेखा जागी झाली. "काय झालं हो?"

"शिक्षा कमी केली. येतोय तो."

"माझं वाचलं का?"

"वाचलं. मायेचं घर आहे म्हणाल्या."

"यतीनने ऐकलं ना?"

"ऐकलं."

तिचा चेहरा निवळला. "मग आज कुलूप लावू नका. उशिरा आला तर उगाच बेल वाजवत बसेल."

संध्याकाळी प्रल्हादने दार नुसतं ओढून घेतलं. किल्ली खुंटीवरच राहू दिली.