मिसीबाबाच्या मापाचा झगा

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे दोघी जावा हलल्या.

जसोदीने झाकण सरकवलं. "आत ये की गं. पाहुणीसारखी काय उंबऱ्याशी?" मग धाकटीला न्याहाळत म्हणाली, "गोरी झालीस हं रूपदेई. मडम तुलाही साबणाने धुते की काय?"

रूपदेई हसली, पण तिचं लक्ष जसोदीच्या पाठीमागे होतं. तिथून दोन डोळे तिला निरखत होते. चैती. तिची चैती. मघाशी जसोदीची पोरं "काकी आली, काकी आली" करत पायवाटेवर धावली, तेव्हा तीही "काकी, काकी" ओरडत त्यांच्यामागे धावली होती.

"जा गं, आईकडे जा," जसोदी म्हणाली.

"आईकडेच तर आहे," म्हणत पोरीने जसोदीची कंबर आणखी घट्ट धरली.

चैती तान्ही होती तेव्हाची गोष्ट. रूपदेईचा नवरा मसुरीला दांडी वाहायचा, गोऱ्या बायकांना खुर्चीत बसवून खांद्यावरून डोंगर चढवायचा. त्यानेच निरोप आणला: एका मडमेला दूध नाही, दाई हवी. स्वतःचं मूल मात्र बंगल्यात आणायचं नाही. जसोदीने मुकाट्याने आपल्या शिबूला एका अंगावर घेतलं, चैतीला दुसऱ्या. आणि रूपदेई गेली. दूध तुटलं तरी मडमेची पोर, मिसीबाबा, तिला सोडीना. उन्हाळ्यात मसुरी, थंडीत साहेबाबरोबर खाली मैदानात. पुढच्या वर्षी जा, पुढच्या वर्षी जा, असं करता करता चौथं लागलं. मिसी झोपली की रूपदेई तिचं पाऊल तळहातात धरून बघायची. माझीही आता एवढी झाली असेल.

तिने गाठोडं सोडून लाल लोकरी झगा काढला. चैतीची मान पुढे आली. जसोदीने तो तिच्या डोक्यातून घातला. गळा खांद्यावरून घसरला, हात बाह्यांत बुडाले, घेर जमिनीवर लोळला.

"अगं बाई, हा तर लग्नापर्यंत पुरेल हिला!" जसोदी खळखळून हसली. "शिंपी आंधळा होता का गं तुझा?"

"माप बरोबर दिलं होतं, दीदी." रूपदेईचा आवाज बारीक झाला. "दोघी एकाच आठवड्यातल्या ना. मिसीलाच उभं केलं मी."

जसोदीचं हसू विरलं. चुलीतलं लाकूड ती उगाच पुढेमागे करत राहिली. "पोटाला कमी नाही पडू दिलं हिला. शिबूच्या आधी हिला दिलं."

"असं बोलू नकोस, दीदी. तू होतीस म्हणून आहे ती. दूध माझं होतं, ते तिकडे गेलं."

चैतीला त्याचं काय! ती बाह्या पंखांसारख्या फडफडवत होती. घेरात पाय अडकून धडपडली तशी रूपदेई म्हणाली, "ये, दुमडून देते."

झग्यासाठी का होईना, पोर आली. मांडीवर बसली. केसांना धुराचा आणि मोहरीच्या तेलाचा वास. परवा परत निघायचं होतं. रूपदेईने टाके मुद्दाम बारीक घातले. एक बाही झाली, दुसरी सुरू झाली. बघता बघता चैतीचं डोकं तिच्या छातीवर टेकलं.

"काकी," ती वर बघत म्हणाली, "तुला बाळ नाही?"