मेघाच्या हातांसाठी निवडलेला उजेड

रविवारी रात्री आठ वाजून वीस मिनिटांनी हुडकेश्वर रस्त्यावरच्या एका लॉनमध्ये, डान्स फ्लोअरवर उभ्या असलेल्या नवरीचे दोन्ही हात चमकले. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, तुकड्या-तुकड्यांनी, पांढरे निळे. आठ वाजून तेवीस मिनिटांनी गाणं बंद झालं.

मित्रांनो, मी एक जुना हॅलोजन आहे. हजार वॅटचा, पत्र्याच्या पेटीतला, पुढे काच आणि मागे पकडायचा कान तुटलेला. त्या वेळी मी स्टेजच्या खांबावर होतो, म्हणून हे सगळं मला दिसलं. हे घडण्यात माझाही हात होता, तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म नागपुरातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. एका दिवसात आम्ही चाळीस जण तयार व्हायचो. मला कामठीच्या चंद्रभानने नेलं. त्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा तेव्हा नवा होता. पुढची पंधरा वर्षं मी उन्हाळाभर लग्नांत जळलो. वरातीपुढे हातगाडीवर उभा राहिलो. दसऱ्याला दीक्षाभूमीजवळ पुस्तकांच्या दुकानांवर टांगला गेलो, आणि लोक माझ्या उजेडात पानं उलटून पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवत. मी तापायचो फार. माझ्याखाली उभ्या असलेल्या माणसाच्या कपाळावर घाम यायचा, पण चेहरा सोन्यासारखा दिसायचा. फोटोवाले माझं नाव काढायचे.

मग एलईडी आले. थंड, हलके, कमी वीज खाणारे. चंद्रभानने आमच्यातले बरेच भंगारात दिले. मला ठेवलं, कारण मी रंग वाळवायच्या कामाचा होतो. एका हिवाळ्यात तर सावनेरच्या एका माणसाने मला कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला नेलं. दोन महिने मी खुराड्यात होतो. परत आलो तेव्हा काचेवर पिसं चिकटली होती, ती कोणी पुसली नाहीत.

म्हणून गेल्या महिन्यात एका दुपारी प्रेमानंद यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा मला आनंद झाला. तो आनंद आता आठवला की लाज वाटते.

प्रेमानंद हे वीज कंपनीतून निवृत्त झालेले लाइनमन. खांबांवर चढण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. मुलगी बारावीत असताना बायको वारली. ती मुलगी, मेघा, आता औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिच्या हातांवर पांढरे डाग आहेत. लोक त्याला कोड म्हणतात. तो एकाचा दुसऱ्याला होणारा आजार नाही, हे मेघा गिऱ्हाइकांना रोज सांगते आणि त्याच हातांनी त्यांना गोळ्या देते. घरी मात्र बाबांच्या आग्रहाखातर पाहुण्यांसमोर येताना ती हातांना कातडीच्या रंगाचं क्रीम लावते. तिची होणारी सासू, कामठीच्या जिजाबाई, दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा क्रीम होतं.

त्या दुपारी बापलेक रिसेप्शनचं लायटिंग ठरवायला चंद्रभानच्या गोदामात आले होते. चंद्रभानने शटर अर्धं ओढून अंधार केला आणि एकेक दिवा लावून दाखवू लागला. गिऱ्हाईक अशा वेळी दिव्याकडे पाहतं. प्रेमानंद दिव्याकडे पाहत नव्हते. त्यांनी मेघाला क्रीम न लावता आणलं होतं आणि प्रत्येक दिव्याखाली तिला हात पुढे करायला लावत होते. पांढऱ्या एलईडीत डाग खडूने ओढल्यासारखे दिसले. गुलाबीत थोडे कमी. चंद्रभानला काय चाललंय ते कळलं. त्याने पुढचा दिवा लावला.

मी कोपऱ्यात एका रंगवलेल्या पाटीसमोर जळत होतो. प्रेमानंद यांनी मला पाहिलं आणि मेघाला माझ्यापुढे उभं केलं. माझ्या उजेडात तिचे हात हळद लावल्यासारखे एकरंगी झाले. कुठेच काही दिसेना.

"स्टेजवर हाच लावा," ते म्हणाले.

मेघाने हात मागे घेतले. "बाबा, सुगतले माहीत आहे. मीच त्याले सांगितलं, हात दाखवून सांगितलं. तो म्हणे, मले काही फरक पडत नाही. मंग आपण कोणापासून लपवून राहिलो?"

"त्याले माहीत आहे वं. त्याच्या मायले आहे का?"

सुगतने, म्हणजे नवऱ्या मुलाने, तिला तेवढीच विनंती केली होती: लग्न होईपर्यंत आईला सांगू नको, मग मी सांगतो.

राहिला डान्स फ्लोअर. चंद्रभानने एक लांबट जांभळा दिवा लावला. तो लावला आहे की नाही हेच नीट कळत नव्हतं, इतका अंधुक. चंद्रभानने सांगितलं की तरुण पोरं आजकाल हाच मागतात, याच्यात पांढरे शर्ट चमकतात. मेघा तोवर फोन आल्यामुळे बाहेर गेली होती. या एका दिव्याखाली तिचा हात कोणी धरून पाहिला नाही.

प्रेमानंद यांचा हिशेब सरळ होता. कमी उजेडात कमी दिसतं. लोक चमकणारे कपडे पाहतील, हातांकडे कोण पाहणार? चंद्रभान म्हणाला की एकदा पोरीला बोलवा, पाहून घ्या. प्रेमानंद हसले. "एकतीस वर्षं गावाले उजेड पुरवला गा मी. मले नको शिकवू."

मित्रांनो, त्या जांभळ्या दिव्यात पांढरं कापड जसं उजळतं तसेच हातांवरचे पांढरे डागही उजळतात. साध्या उजेडात जेवढे दिसतात त्याहून जास्त. हे मला माहीत नव्हतं, चंद्रभानलाही नव्हतं. एकतीस वर्षं खांबांवर चढलेल्या प्रेमानंद यांना तर नव्हतंच.

रविवारी दुपारी विहारात लग्न लागलं. संध्याकाळी सातला मी पेटलो. माझी काच त्या दिवशी दोनदा पुसली होती. स्टेजवर मेघा आणि सुगत माझ्या उजेडात चांगले दिसत होते, खोटं कशाला बोलू. जिजाबाईंनी सुनेचा हात हातात घेऊन बांगडी चढवली आणि शेजारच्या बाईला कौतुकाने म्हणाल्या की पोरीची बोटं पाहा, कशी लांब आहेत. प्रेमानंद माझ्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, एखाद्या कामगाराला शाबासकी द्यावी तशी.

आठ वाजता जेवणं झाली. मेघाने साबणाने हात धुतले आणि क्रीम गेलं. ते परत लावायला ती खोलीकडे निघाली, तर प्रेमानंद यांनीच तिला थांबवलं. लोक वाट पाहून राहिले, या उजेडात काही दिसत नाही, राहू दे, असं ते म्हणाले. ते माझ्याबद्दल बोलत होते.

सुगतचे मित्र दोघांना ओढत डान्स फ्लोअरवर घेऊन गेले. मला विझवून जांभळा दिवा लावला. आधी पोरांचे शर्ट चमकले. मग मेघाने नाचायला हात वर केले.

काही पोरांना वाटलं, हा लायटिंगचाच प्रकार आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने फोन काढला.

जिजाबाई खुर्चीवरून उठून फ्लोअरवर आल्या. त्यांनी मेघाच्या हाताला हात लावला नाही. मुलाकडे वळल्या.

"काहून गा, तुले माहीत होतं?"

गाणं तेव्हाच थांबलं होतं, म्हणून उत्तर मागच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू गेलं.

"नाही," सुगत म्हणाला. "मले नव्हतं माहीत."

मेघाने त्याच्याकडे पाहिलं. हात लगेच खाली घेतले नाहीत. प्रेमानंद धावत चंद्रभानकडे गेले, बंद कर म्हणाले, आणि चंद्रभानने घाईत सगळे दिवे बंद केले. फक्त मला लावलं. माझ्या पिवळ्या उजेडात तिचे हात पुन्हा एकरंगी झाले. आता तिकडे कोणी पाहत नव्हतं. सव्वानऊला कामठीच्या गाड्या नवरीशिवाय निघाल्या.

सोमवारी सकाळी प्रेमानंद चंद्रभानकडे जाऊन मला मागून घेऊन आले. बोलणी करायला सासरची माणसं येतील, त्या वेळी ओसरीवर हाच उजेड हवा, असं ते म्हणाले. चंद्रभानने नकार दिला नाही. त्यांनी स्वतः मला फाटकाजवळच्या खांबावर, ओसरीकडे तोंड करून बांधलं. त्यांची गाठ अजून पक्की आहे.

मंगळवारी अंधार पडता पडता दोन माणसं आली. एक सुगतचे मामा, नत्थूजी, आणि एक वस्तीतले वडीलधारे. मला लावलं गेलं. निरोप असा होता: सुगत मुलीला घेऊन जायला तयार आहे, जिजाबाईही मानतील. मुलीने फक्त लिहून द्यावं की डागांची गोष्ट तिने लग्नाआधी लपवली. चारचौघांत मुलाची मान खाली गेली आहे, ती वर यायला हवी. कागद ते लिहूनच घेऊन आले होते.

मेघा उठली, माझं बटण बंद केलं, ओसरीवरची ट्यूब लावली आणि दोन्ही हात त्या कागदाच्या बाजूला ठेवून बसली. क्रीम नव्हतं. कागद तिने दोनदा वाचला.

"एक सही तर आहे, बाई," प्रेमानंद म्हणाले. त्यांचा आवाज फार लहान झाला होता.

"मी सांगितलं होतं, बाबा. मंग नाही सांगितलं असं कशी लिहू?"

नत्थूजींनी कागद परत खिशात घातला आणि विचार करायला दोन दिवस दिले. बुधवारी मेघा दुकानात कामाला गेली. प्रेमानंद दिवसभर ओसरीवर बसून होते. संध्याकाळी त्यांनी मला लावलं नाही.

मित्रांनो, माझी काच पुसा, मला भंगारात देऊ नका, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. दिव्याची निगा राखायला फार काही लागत नाही. पण ज्या माणसाने तुम्हाला एकांतात आपले हात दाखवले, त्याची निगा चारचौघांत राखावी लागते. माझ्या सगळ्या हंगामांत ते करणारी माणसं मी थोडीच पाहिली. आणि मला विचाराल, तर पिल्लांना ऊब देण्याचं काम या कामापेक्षा बरं होतं.

आज गुरुवार. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सुगत एकटाच मोटारसायकलवरून आला आणि फाटकाबाहेर थांबला. तो कागद त्याच्या शर्टाच्या खिशात दिसतो आहे. इंजिन चालू ठेवूनच त्याने मेघाला चल म्हटलं. बाकीचं घरी गेल्यावर पाहू, आईला मी समजावतो.

मेघा ओसरीच्या पायरीपर्यंत आली.

"आत ये," ती म्हणाली. "बाबांसमोर एकदा सांग की तुले माहीत होतं. मंग येतो मी."

"तू आधी चाल ना वं."

"नाही."

प्रेमानंद दारात उभे आहेत. फाटक उघडं आहे. आता सव्वाअकरा झाले आहेत. सुगतने इंजिन बंद केलं आहे. गाडीवरून तो उतरलेला नाही.