मकडीची ओळखपरेड

आसगावात सत्यवतीला काहीतरी चावलं त्या दिवशी तिच्याच शेतात धानाची रोवणी, म्हणजे लावणी होती. सुलोचनाबाईंच्या, म्हणजे तिच्या सासूच्या मते हा योगायोग नव्हता.

"रोवणीच्याच दिवशी बरं दुखते हिचं पोट," त्या चुलीपाशी बसून म्हणाल्या. "परे उपटून बांधीत पडले आहेत. बाया येऊन बसल्या. आता काय मी उतरू चिखलात?"

घरात खाटा दोनच. एक सुलोचनाबाईंची, दुसरी सत्यवतीची. पण रोवणीवर देखरेख करायला नागपूरहून धाकटा दीर धर्मेंद्र आला होता, आणि खाट पाहुण्याची असते. नवरा भोजराज ओसरीत. म्हणून आदल्या रात्री सत्यवतीने आतल्या खोलीत, धानाच्या पोत्यांशेजारी चटई टाकली. उजाडता उजाडता मानेला काहीतरी टोचल्यासारखं वाटून ती उठली, दिवा लावला, तर उशीजवळ तळहाताएवढी मकडी. ती भिंतीवर पळाली, आणि थोड्या वेळाने सत्यवतीचं पोट दुखायला लागलं. एवढी मोठी मकडी या घरात आजवर कोणी पाहिली नव्हती. निदान तिच्यावर कोणी आरोप केला नव्हता.

"पवनीले दवाखान्यात नेतो हिले," भोजराज म्हणाला. "गाडी सांगू का?"

"थांब ना दादा." धर्मेंद्र बी.एस्सी. होता, त्यामुळे घरातलं विज्ञान त्याच्याकडे असे. "डॉक्टर पहिले विचारन, काय चावलं? तू काय सांगशीन? मकडी. कोणती मकडी?"

भोजराजने हातातला फोन खिशात ठेवला. चावणाऱ्याला दवाखान्यात सोबत नेणं ही गावाची रीतच. गावातल्या ताराबाईच्या नवऱ्याला साप डसला होता तेव्हा डब्यातला साप दवाखान्यात आधी पोचला होता, नवरा मागून.

मग शोध सुरू झाला. पेट्या ओढल्या, कपाट सरकवलं, देवांचे फोटो उतरवले. पोती तेवढी हलवली नाहीत. ती जड होती, आणि मकडी भिंतीवर असते हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी ती कॅलेंडरमागे सापडली आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत गेली.

शेजारचा घनश्याम बरणी उजेडात धरून म्हणाला, "ही जंगलातली आहे. हिच्या मुतानं अंग जळते."

"पोट कायनं दुखते मंग?" भोजराजने विचारलं.

"ते विचारा ना वहिनीले, रात्री काय खाल्लं." त्याने सत्यवतीची मान पाहिली. सूज नाही, रक्त नाही, दाताची खूण नाही. "साप तर नाहीच," असं प्रमाणपत्र देऊन तो पुन्हा बरणीकडे वळला.

"भाऊजी," सत्यवती भिंतीला टेकून म्हणाली, "माये डोळे उघडून नाही राहिले."

"झोप झाली नाही ना तुमची. होते असं." धर्मेंद्र फोटो काढत होता. मकडी हलत असल्याने पाय नीट येत नव्हते. चांगला फोटो आल्यावर त्याने तो 'आठपायी मित्र' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: घरात सापडली. चावली आहे. विषारी आहे का?

उत्तर यायला फार वेळ लागला नाही. अमरावतीच्या एका प्राध्यापकांनी कळवलं: हंट्समन. जाळं विणत नाही, झुरळं खाते. माणसाला धोका नाही. कृपया मारू नका.

घराचा जीव भांड्यात पडला. सुलोचनाबाईंनी चहा टाकला. घनश्यामने अशा मकड्या आपण लहानपणी खिशात घेऊन फिरत असू, असं सांगितलं. सत्यवतीलाही कप दिला. तिने घोट घेतला, तो ओठांच्या कोपऱ्यातून पदरावर आला.

"पाह्य बाई, सांडवून राहिली," सुलोचनाबाई म्हणाल्या. "झोपू दे तिले थोडं. मंग येईन बांधीवर."

सत्यवती काहीतरी बोलली. शब्द तोंडातच राहिले. भोजराज दारात घुटमळला, मग बायांना घेऊन शेतावर गेला.

धर्मेंद्रने आभार मानायला पुन्हा ग्रुप उघडला. फोटोखाली अंगठे आणि फुलं साठली होती. त्यांच्याखाली प्राध्यापकांचा आणखी एक निरोप होता: चावताना पाहिली का? पेशंट जमिनीवर झोपला होता का? पापण्या जड होत असतील, गिळता येत नसेल, तर मकडीला सोडा. मण्यार असू शकते. त्या सापाच्या चाव्याची खूण दिसत नाही. लगेच दवाखाना.

त्याने आत जाऊन पाहिलं. सत्यवतीच्या पापण्या अर्ध्यावर होत्या आणि श्वास घोरल्यासारखा. तो चपला न घालता बांधीकडे पळाला.

पवनीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पापणी उचलून पाहिली आणि विचारलं, "खाली झोपल्या होत्या?"

"हो," भोजराज म्हणाला.

"सर, ही बघा," धर्मेंद्रने बरणी पुढे केली. तो ती घेऊन आला होता.

"बाजूला ठेवा ते."

इंजेक्शनं दिली, नळी घातली, भंडाऱ्याला हलवायला गाडी बोलावली. गाडी आली तेव्हा हलवण्याची घाई उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी माती झाल्यावर घनश्यामने साप शोधायला पोत्यांच्या फटीत काठी घालून पाहिली. काही निघालं नाही. "गेला असन," तो म्हणाला. पोती तशीच राहिली. अर्धी रोवणीही तशीच राहिली होती. बाया उद्या येतो म्हणाल्या.

"ते बरणी रिकामी कर रे," सुलोचनाबाई धर्मेंद्रला म्हणाल्या. त्याने झाकण उघडून बरणी भिंतीला लावली. मकडी थोडा वेळ आतच बसली, मग कॅलेंडरमागे गेली.

दिवेलागणीला, वाटेतल्या नाल्याचा पूर ओसरल्यावर, सत्यवतीचे वडील आणि भाऊ लाखांदूरहून एसटीने आले. सुलोचनाबाईंनी दोन्ही खाटा झटकल्या, त्यांच्यावर धुतलेल्या चादरी घातल्या.

"माय, तू कुठी झोपशीन?" भोजराजने विचारलं.

"पाहुणे आले ना बापा," त्या म्हणाल्या, आणि पोत्यांशेजारी चटई टाकली.