झाडलेली वाट

तांबडं फुटायला भागूबाईनं पदर खोचला आणि वरच्या महादेवापासून चुनखडीच्या डोंगराची वाट झाडत ती उलट्या पावलांनी उतरू लागली. गावाची रीतच तशी. दर्शन घेऊन येताना ज्यानं त्यानं लिंबाच्या डहाळीनं आपली पावलं पुसत यायचं. डोंगर म्हणजे भस्म फासून बसलेला देवच. त्याच्या अंगावर पाय उमटवून ठेवायचा? कीर्तनात बुवा सांगायचे, मागं देवाचं नाव ठेवा, आपली खूण नको.

आज तालुक्याचे साहेब येणार होते. डोंगराची उगवतीची बाजू खाणीला द्यायचं घाटत होतं. वहिवाट कागदावर लागली तर देवाचा रस्ता वाचणार, नाहीतर तारेचं कुंपण.

साहेबांनी वर-खाली बघितलं. "वाट कुठाय?"

"तिच्यावरच उभं हायसा की!" सरपंच कारभारी म्हणाला. "सोमवारी पाय ठिवायला जागा नसती."

"मग पाऊल कसं दिसत नाही एकही?"

भागूबाई हरखून पुढं झाली. "म्या पुसली की! तुमी येनार म्हनून दोनदा झाडलीया."

कारभाऱ्यानं कपाळ बडवलं. "आत्ते, आजच्या दिस तरी ऱ्हाऊ द्यायची हुतीस!"

"मला काय ठावं, सायेबाला घान दावायची हुती?"

माणसं हसली. साहेब हसले नाहीत. ते डोंगराच्या मावळतीकडं गेले, जिथं पुण्याची पोरं रविवारी कडा चढतात. तिथं दगडांवर लाल बाण, खाली बाटल्या, वेफरच्या पिशव्या. साहेबांनी फोटो काढले. "ही वापरातली वाट."

"हितं दोर लावून चढत्यात, सायेब. आमच्या म्हाताऱ्या कशा जातील?"

"दिसेल तेच लिहितो मी."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी लिहिलं: उगवतीस वापराची खूण नाही, जागा स्वच्छ. साक्षीला पंच दोन लागत होते. सरपंच म्हणून कारभाऱ्याला सही करावीच लागली. दुसरं कुणी पुढं येईना. साहेबांनी भागूबाईला बोलावलं.

तिनं कारभाऱ्याकडं बघितलं. "खोटं लिवलंय का रं काय?"

कारभाऱ्यानं कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला.

"न्हाई आत्ते. एक अक्षर खोटं न्हाई."

तिनं आंगठा दिला.