उचललेलं पाऊल

नातवाचा पाय उचलला गेला तो खालीच येईना. टीव्हीवर पोरगं एका पायावर उभं, तोंड उघडं. आवाज मात्र कुणासाठी थांबला नव्हता. कॅनडातल्या त्या हॉलमध्ये टाळ्यासुद्धा वाजून गेल्या. मग पडद्यावरच्या चित्राला जाग आली आणि नातू मधल्या चालण्याच्या भानगडीत न पडता थेट सोफ्याजवळ प्रकट झाला.

"पोचला बघ," श्रीशैलअप्पा म्हणाले.

"पर चालला कवा?" गंगासागरबाईंनी विचारलं.

केजच्या त्या घरात हा प्रश्न रोज विचारला जाई.

अप्पा अंबाजोगाईच्या एका कॉलेजातून प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झालेले. बंद पडलेली उपकरणं चालती करण्यात हयात गेल्यामुळे तयार वस्तू विकत आणणं त्यांना पाप वाटे. "बाबा, चांगल्या कंपनीचा घ्या," असं मुलाने, बसवेशने, कॅनडातून बजावलं. त्यावर अप्पा लातूरला गेले आणि चार दुकानांतून चार अवयव गोळा करून त्यांनी घरीच कॉम्प्युटर जन्माला घालून टीव्हीला जोडला. त्याने डोळे उघडले त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. जुने सिनेमे, बसवजयंतीच्या मिरवणुकीची सीडी, सगळं त्यावर सुरळीत चाले. फक्त बसवेशने नव्या कॅमेऱ्यावर काढून मित्राबरोबर पेनड्राइव्हमधून पाठवलेली नातवाच्या चालण्याची ती जड, हाय डेफिनिशन फाइल लागली, की जरा वेळाने त्याला धाप लागे.

एरवी यात हसण्यासारखंच होतं. पण गंगासागरबाईंच्या डोळ्यांत साखर उतरली होती. उजवा डोळा गेला होता. डाव्याच्या मधोमध काळा डाग बसला होता आणि तो पसरत होता. लेसर करून झाल्यावर डॉक्टर म्हणाले होते, "मावशी, दिवाळीपर्यंत जे बघायचंय ते बघून घ्या." बसवेशला रजा मिळणार होती पुढच्या उन्हाळ्यात. म्हणजे नातू बघायचा तर याच टीव्हीवर.

शेवटी कॉम्प्युटर क्लासवाल्या बद्रीनाथला बोलावलं. त्याने व्हिडिओ उलगडणारे कोडेक बदलले, दुसरा प्लेअर टाकला, हार्ड डिस्क विंचरून काढली. नातू होता तिथेच, एका पायावर.

"अप्पा, बैल म्हातारा हाय तुमचा. आन गाडीत ऊस लई भरलाय."

"परवाच नवं ग्राफिक कार्ड टाकलं की बे."

"मंग शिंगं रंगवली म्हना."

"तुला कावून बोलावलं मी?"

"च्यासाठी," बद्रीनाथ म्हणाला आणि गंगासागरबाईंकडे कप पुढे केला.

हे सगळे उपचार त्याने कव्हराचा पुढचा पदर वर करून केले, नव्या नवरीचं तोंड बघावं तसे. कारण त्या घरात कुठलीच वस्तू उघडी नसे. मिक्सर, फोन, गॅसचं सिलिंडर, सगळ्यांना अंगरखे. कॉम्प्युटरला तर मरून रंगाची मखमल, जरीची किनार आणि वर रेशमी नंदी. हे बाईंचं शेवटचं भरतकाम. सुई चुकत गेल्यामुळे नंदीचं एक शिंग कानाखाली उतरलं होतं. अप्पासुद्धा दुरुस्ती झाली की आधी कव्हर घालत, मगच बटण दाबत.

बद्रीनाथ गेल्यावर सैल झालेली वायर चाचपायला अप्पांनी मखमलीखाली हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. आतला पंखा गरम हवा बाहेर फेकत होता, मखमल ती परत आत पाठवत होती. जड फाइल ओढताना मशीन तापे आणि जळू नये म्हणून स्वतःच मंद होई. प्रयोगशाळेत 'हवा खेळती ठेवा' ही पाटी अप्पांनीच रंगवली होती.

"कव्हर जरा धुवाय टाकतो," ते म्हणाले.

"कालच तर झटकलं." बाईंनी मशीनच्या घरघरीकडे कान दिला. "तापतंय व्हय त्याच्यानं?"

"तसं काई न्हाई."

"मला हाताला गरम लागायचं. म्हनलं, तव्यावानी हाय. तापल्याबिगर भाकर कशी फुगंल?" त्यांनीच उठून, चाचपत कव्हर काढलं आणि घडी करून मांडीवर घेतलं.

अप्पांनी फाइल लावली. पाय उचलला गेला, खाली आला, दुसरा उचलला गेला. नातू डुलत डुलत हॉल ओलांडून सोफ्यावर आदळला. टाळ्या बरोबर वेळेवर वाजल्या. अप्पांनी छाती भरून श्वास घेतला.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं की. दिसला ना?"

"कायतरी पळालं." त्या मखमलीवरून हात फिरवत राहिल्या. "आदी थांबायचा, तवा मी मान तिरपी करायची. डाग बाजूला सरला की इवलंसं तोंड दिसायचं. आता मान वळवस्तोर त्यो गेलेला असतोय."

अप्पांनी स्टूल ओढलं, कीबोर्ड मांडीवर घेतला आणि फाइल पहिल्यापासून लावली. पाय उचलला गेला, तसं त्यांनी बोटाने चित्र थांबवलं.

"थांबलाय. बघ."

बाईंनी टीव्हीकडून तोंड फिरवलं आणि खिडकीकडे धरलं, तिकडून कुणी येत असावं तसं. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या बघत राहिल्या.

"हनुवटी बसवेशची हाय."

"सोडू का फुडं?"

"थांबा," त्या म्हणाल्या. "कान बघू द्या."

अप्पा बटणावर बोट ठेवून बसून राहिले.