दुधात मीठ

आमच्या घरात दुधात मीठ पडत नाही. ताकात पडतं, दह्यात पडतं, पण दुधात नाही. खारट चमचा चुकून दुधाच्या पातेल्यात बुडाला तर ते अख्खं दूध मी मोरीत ओतते, मग मला कोणी वेडी म्हणो की उधळी. आणि माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच गॅससमोर, माझी लेक विद्या एके दिवशी लोण्यात मैदा परतून, त्यात भांडंभर दूध ओतून, हातात मिठाचा डबा घेऊन उभी!

“अगं ए, काय चाललंय?”

“व्हाइट सॉस, आई. मॅकरोनीसाठी.”

“कसला सॉस? खळ आहे ती. भिंतीला कागद डकवायची खळ!”

ती हसली. पातेल्यातलं ते पांढरं धड उकळतही नव्हतं, नुसते जाड बुडबुडे काढत होतं. बद्द... बद्द. वर तिनं डबा फोडून चीज किसलं. अय्यो, तो वास! पावसात भिजलेले मोजे बुटात तसेच कोंबून ठेवावेत, तसा. आम्ही मराठे माणसं, मटणाला नाही म्हणणारी नव्हे. बोकडाचं डोकं, पाय, आतडी, सगळं या हातांनी साफ केलंय, कधी नाक मुरडलं नाही. पण त्या दिवशी पदर नाकाला लावून मी मागच्या दारी जाऊन उभी राहिले.

ही ब्याद घरात आली ती प्रदीपकुमारमुळं. सत्त्याण्णव सालची गोष्ट. मुलगा अमेरिकेत कंप्युटरवर कामाला, लग्न ठरवायला म्हणून रजेवर इथं आमच्या बेंगळूरला आलेला. घराणं आमच्यातलंच, चामराजपेटेतलं जुनं. स्थळ आणलं हंबीररावांनी. हे आमच्या नात्यातले, सगळ्यांची लग्नं जमवत हिंडतात आणि प्रत्येक घरी दोनदा कॉफी पितात. ते निरोप घेऊन आले, “अक्का, मुलाची आई म्हणते, चित्रान्न काय कोणीही करेल. आमचा प्रदीप तिकडं मॅकरोनी-चीजवर जगतो. ते मुलीला येतं का बघायचंय.”

“असल्या खाण्यावर तो जगतो तरी कसा?” मी म्हटलं.

पण विद्याचं चित्त त्यात गुंतलं. त्या मुलानं एकदा फोन केला होता. ही हॉलच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बोलत होती, आणि फोन ठेवून वळली तेव्हा कानशिलं लाल. “आई, तो म्हणतो, वरचा थर कुरकुरीत झाला की बाकी कसंही चालेल.” झालं. शेजारची प्रतिमा केक शिकवते, तिच्याकडं जाऊन विद्या हे शिकून आली. बँकेतून दमून यायची आणि गुणगुणत मैदा चाळायची. माझी पोर गुणगुणते हे मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते, म्हणून त्या वासाला सुद्धा मी गप्प बसले.

गुणगुणणं का थांबलं होतं तेही सांगते. विद्याच्या उजव्या पावलावर कोड आहे. शाळेत होती तेव्हा नखाएवढा पांढरा डाग उठला, मग वाढत वाढत घोट्यापर्यंत आला. कातडीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नुसता रंग गेलाय, दुसऱ्याला लागत नाही, खाण्यापिण्याशी काही संबंध नाही. आमच्या ह्यांना, श्रीधररावांना, ते तिथंच पटलं. माझ्या सासूबाईंना नाही. “हिनंच पोरीला दुधात मीठ खायला घातलं,” असं त्या सगळ्या जातीत सांगत सुटल्या. का, तर पोर दूधभाताबरोबर लोणचं चाटायची! असं कुठलं घर आहे जिथं पोरं दूधभाताबरोबर लोणचं चाटत नाहीत? सासूबाई वारल्या, पण त्यांचं बोलणं काही गेलं नाही. हळदीकुंकवाला गेले की बायका विद्याच्या पायाकडं बघायच्या, मग माझ्याकडं. डॉक्टरांचं मला पटलं होतं, आणि सासूबाईंचं विसरता येत नव्हतं. म्हणून आमच्या घरात दुधात मीठ पडत नाही.

आधीची स्थळं पाय बघून परत गेली होती. कोणी म्हणालं पत्रिका जुळत नाही, कोणी म्हणालं मुलाला अजून शिकायचंय. थापाडे मेले. म्हणून या वेळी मी हंबीररावांना दारातच बजावलं, “पायावर कोड आहे, हे आधी सांगा. नाव घेऊन सांगा. त्यांना चालत असेल तरच घेऊन या. पोरीला परत तेच नको.” दोन दिवसांनी ते हसत आले. “सांगितलं अक्का, पायाचं सगळं सांगितलं. त्यांची काही हरकत नाही. सरी? ठीक झालं ना आता?”

ते ऐकून विद्या आत गेली आणि पुन्हा मॅकरोनी उकडायला घातली. हे स्थळ जमावं असं मला तिच्यापेक्षा जास्त वाटत होतं. तो मुलगा सोन्याचा होता म्हणून नव्हे. सगळं ठाऊक असून कोणीतरी होकार दिला होता, म्हणून.

रविवारी सकाळी ती मंडळी आली. मुलाची आई भाग्यलक्ष्मी, अंगावर जड धर्मावरम साडी, नाकात दोन्हीकडं चमक्या. आल्या आल्या तिनं विद्याची हनुवटी धरली, “किती गोड गं बाई!” म्हणाली आणि स्वतःच्या बोटांचं चुंबन घेतलं. मुलगा उंच, गोरा, सोफ्यावर अवघडून बसलेला. त्याच्या शेजारी हंबीरराव, बशीत कॉफी ओतून. आमचे हे त्याला अमेरिकेत पाण्याचे पंप कुठले वापरतात ते विचारत होते, कारण आमचं पंपांचं दुकान आहे आणि ह्यांना दुसरं काही सुचत नाही.

भाग्यलक्ष्मी बाहेर बसेना. “मुलीचा हात कसा चालतो बघते स्वल्प,” म्हणत थेट स्वयंपाकघरात. ओट्यावर प्रतिमाचा गोल ओव्हन, करंट जाऊ नये म्हणून मी सकाळपासून अंबाबाईला आळवत होते. मॅकरोनी मी उकडून ठेवली होती, अर्थातच बिनमिठाची, पुढं दुधात जायची ना ती! चाळणीत ओल्या अळ्यांसारखी एकमेकींना चिकटून पडली होती, बघवत नव्हती. विद्यानं सॉस केला, चीज घातलं, आणि चिमटीत मीठ घेतलं. आमचं ठरलं होतं, मीठ घालताना मी तोंड फिरवायचं. मी फिरवलं.

“अगं अगं अगं!” भाग्यलक्ष्मी किंचाळली. “दुधात मीठ? कोड फुटतं ना अंगावर!”

विद्याची चिमूट ओट्यावर सांडली. मी वळून पोरीकडं बघितलं. पण ती शांत होती. “बरं काकू, नाही घालत,” म्हणाली. मॅकरोनी त्यात कालवली, अॅल्युमिनियमच्या भांड्यात ओतली, वर पावाचा चुरा आणि लोण्याचे तुकडे पसरले, भांडं ओव्हनमध्ये ठेवलं आणि झाकण लावलं.

भाग्यलक्ष्मी सुटलीच होती. “हसण्यावारी नेऊ नका अक्का. आमच्या चुलत जावेची पोर. हातावर उठलं, मग मानेवर. शी! पानात वाढायला आली की मला घास उतरायचा नाही. लग्न झालं नाही तिचं, बरंच झालं म्हणते मी. चांगल्या घराण्यात कशाला ती घाण?”

मला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकतोय. सगळं ठाऊक असलेली बाई असं कसं बोलेल? विद्यालाही तेच वाटलं असणार. तिनं हात पुसले आणि साडी जराशी वर धरली. “काकू, माझ्या पायावर कोडच आहे. हंबीरमामांनी सांगितलं ना तुम्हाला?”

भाग्यलक्ष्मीनं खाली बघितलं. “ते... ते तर भाजल्याचं आहे म्हणाले.”

“नाही. कोड आहे.”

ती बाई दोन पावलं मागं सरकली. मग आपल्या उजव्या हाताकडं बघितलं, ज्या हातानं हनुवटी धरली होती त्या हाताकडं. आणि सरळ माझ्या मोरीवर गेली, भांडी घासायचा साबण उचलला आणि हात धुवायला लागली. बोटं, बोटांच्या बेचक्या, मनगट. पुन्हा साबण, पुन्हा बोटं. नळ धो धो वाहत होता आणि माझी पोर तिथंच, साडी धरून उभी.

मला त्या मॅकरोनीची किळस येत होती ना? ती किळसच नव्हे. किळस काय असते ते मला त्या नळाशी कळलं. त्या बाईला माझ्या लेकीची किळस आली होती, आणि मला त्या बाईची अशी शिसारी आली की घशाशी कडू पाणी आलं.

“कोपरापर्यंत धुवा, भाग्यलक्ष्मीअक्का,” मी म्हटलं. “आणि तोंडही धुवा. त्याच तोंडानं मघाशी गोड म्हणालात.”

“बोलायचं काम नाही! फसवणूक केलीत आमची!”

“मी फसवलं? मी? हंबीरराव, या इकडं!”

हंबीरराव दारात येऊन उभे राहिले, मिशीला कॉफी तशीच. “अक्का, चांगल्या मनानंच बोललो. आधी मुलगी पसंत पडू दे, मग हळूच सांगू, असं म्हटलं...”

“भाजलेलं म्हणालात? भाजायला तुमची जीभ पाहिजे होती. उंबऱ्याबाहेर व्हा. पुन्हा या घरची कॉफी मिळायची नाही तुम्हाला.”

ते गेले, चपला उलट्यासुलट्या घालून. भाग्यलक्ष्मी ओले हात हवेत धरून हॉलमध्ये गेली, पुसायला आमचा टॉवेलही नको तिला. “प्रदीप, ऊठ.” आणि तो उठला. एवढा मोठा घोडा, विमानातून साता समुद्रापार एकटा जाऊन आलेला, आईनं ऊठ म्हटलं की उठला. आतून भाजल्या लोण्याचा वास यायला लागला होता. दारात थांबून तो विद्याकडं न बघता पुटपुटला, “स्मेल्स गुड.” पोरीशी काय बोलावं ते सुचलं नाही, ओव्हनशी बोलला! थू त्याच्या शिकण्यावर.

दार लागलं. ह्यांनी पंख्याचं बटण उगीच दाबलं आणि बंद केलं. विद्या रडली नाही. वेळ झाली तसं तिनं झाकण काढलं, फडक्यात धरून भांडं टेबलावर आणून ठेवलं. वरचा थर सोनेरी तांबूस झाला होता, कडेनं पिवळं चीज अजून फसफसत होतं. ती त्याच्याकडं बघत बसली.

“कुरकुरीत झालाय,” ती म्हणाली. तेव्हा मात्र तिचा आवाज फाटला.

ह्यांनी खुर्ची ओढली. “मला वाढ गं,” म्हणाले आणि मुकाट्यानं खायला लागले. हे तसे गरीब, दगडही शिजवून दिला तर बरा झालाय म्हणतील.

विद्यानं डोळे पुसले. “आई, तुला कालचं सार गरम करते. भात आहे.”

“नको. ताट आण.”

“आई, त्यात दूध आहे. चीजमध्ये मीठ असतं.”

“माहीत आहे. बहिरी नाही मी. वाढ.”

तिनं चमचाभरच वाढलं. मी म्हटलं आणखी, तेव्हा आणखी वाढलं. चमचा वर उचलला तर तारा सुटल्या, शेंबडासारख्या. मी डोळे मिटले आणि घास तोंडात घातला. खोटं कशाला सांगू? घाण होतं. बुळबुळीत, गिळगिळीत, टाळूला चिकटणारं, आणि वास नाकात आतून चढणारा. पहिला घास दोनदा परत आला, दोन्ही वेळा मी तो खाली ढकलला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. विद्या माझ्याकडं टक लावून बघत होती. सासूबाई, त्यांच्या त्या हळदीकुंकवाच्या बायका, मोरीवरचा साबण, सगळं त्या घासांबरोबर मी गिळत होते.

“आई, पुरे. ओकशील.”

“ओकले तर ओकले.” मी चमचा खाली ठेवला. “थर छान झालाय. पण बाकीचं अगदी सपक. मीठच नाही त्यात.”

“तिनं घालू दिलं नाही ना.”

“मग आता आण.”

ती जागची हलली नाही. ह्यांचा घास हातातच राहिला. शेवटी मीच उठले, ओट्यावरचा डबा आणला, चिमूटभर मीठ घेतलं आणि माझ्या ताटातल्या त्या दुधावर घातलं. विद्यानं आधी माझ्या हाताकडं बघितलं. मग तिनंही एक ताट घेतलं, स्वतःला वाढून घेतलं आणि माझ्यापुढं सरकवलं, आणि मी तिच्याही ताटात मीठ घातलं.