पाच फूट आठ इंच

अण्णांनी आयुष्यभरात एकच गस्तीची बोट आखली, पण त्या एका नकाशावरून गोदीत बारा बोटी बांधल्या गेल्या. तीस मीटर लांबी, दोन इंजिनं, उथळ पाण्यातही आत घुसणारा तळ. लाटा आडव्या आल्या की त्या तिरक्या चालायच्या, म्हणून खलाशी त्यांना ‘खेकडे’ म्हणत. अण्णांना ते नाव मुळीच आवडत नसे. पण आपल्या पोरांना लोक काय हाक मारतात, ते थोडंच आपल्या हातात असतं!

गोदीत खुद्द अण्णांनाही नाव पडलं होतं, ‘पट्टीवाले’. मापाचं अन् वजनाचं वेड इतकं, की दरवाज्यांच्या कड्यांना भोकं पाडून त्यांनी प्रत्येकी वीस ग्रॅम वाचवले होते. खलाशांच्या झोपायच्या फळीची लांबी ठरवायची वेळ आली, तेव्हा ते स्वतःच कचेरीच्या फरशीवर आडवे झाले. मदतनिसाला डोक्यापाशी आणि टाचेपाशी खडूची रेघ मारायला लावली आणि वर चार बोटं धरली. पाच फूट आठ इंच. अण्णा बुटके आहेत, हे खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

मुलगा तेव्हा शाळेत होता. पुढे तो आईच्या माहेरच्यांवर गेला आणि सहा फुटांच्या वर वाढला. नौदलात मिस्त्री म्हणून लागला आणि नेमका खेकड्यावरच गेला. एकदा सुट्टीवर आला असताना जेवता जेवता हसत म्हणाला, “अण्णा, तुमच्या बोटीत पाय सरळ होत नाहीत हो. दोन वर्षं गुडघे पोटाशी घेऊन झोपतोय.”

आता यावर हसायचं की नाही? पण नकाशात चूक काढलेली अण्णांना कधी खपली नव्हती. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

“अंथरूण पाहून पाय पसरावेत. जमत नसेल तर दुसरी नोकरी बघ.”

“अहो, काय बोलताय!” बायको म्हणाली. मुलगा ताट सारून उठला. सुट्टीचे आठ दिवस शिल्लक असताना दुसऱ्या सकाळी तो निघून गेला.

आई होती तोवर तिच्यामार्फत ख्यालीखुशाली कळायची. ती गेली तेव्हा तो आला, कोपऱ्यात उभा राहिला आणि न बोलता परतला. त्याला नऊ वर्षं झाली. अण्णांनी दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. ‘माझं चुकलं’ एवढे दोन शब्द, पण जीभच वळेना. घरात मग भांड्याला लागायला दुसरं भांडंच उरलं नाही. अण्णा एक कप चहा करत, एक कप विसळत.

शेवटचा, बारावा खेकडा मोडीत निघायचा होता. आखणी करणारे म्हणून अण्णांना निरोपाच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. त्या बोटीवर मुख्य मिस्त्री कोण, हे त्यांना गोदीतल्या जुन्या लोकांकडून कळलं होतं. शर्टाला इस्त्री केली. बसमध्ये वाटभर ते मनाशी घोकत होते, ‘कसा आहेस? कसा आहेस?’

बोटीचा कप्तान अगदी तरुण होता. “मुख्य मिस्त्री कालच रजेवर गेले, साहेब,” तो म्हणाला. पाहुण्यांची यादी परवा लागली होती, हेही त्यानं भाबडेपणानं सांगून टाकलं. अण्णा बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“त्यांचा बिछाना बघायचाय?” अण्णा तिथंच घुटमळले तसं कप्तानानं विचारलं.

फळीच्या पायथ्याशी असलेल्या भिंतीला चौकोनी भोक पाडलेलं होतं. पलीकडे दोरखंडांची खोली, आणि तिच्यात शिरणारी फूटभर खोल लाकडी पेटी. पाय ठेवायला.

“हे नकाशात नाही,” कप्तान ओशाळून म्हणाला. “पण बाराच्या बारा बोटींत होतं. आमच्या मिस्त्रींनीच पहिल्यांदा केलं.”

अण्णांनी वाकून बोटं फिरवली. भोक बोटीच्या सांगाड्याच्या दोन फासळ्यांच्या बरोबर मध्ये कापलेलं, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. काम चोख होतं. पेटीचं वजन फार तर दोन किलो. दोन किलोंसाठी एवढं रामायण! त्यांनी बूट काढले आणि फळीवर आडवे झाले. त्यांचे पाय पेटीपर्यंत पोचलेच नाहीत. कप्तानासमोर त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

घरी येऊन पत्र लिहायला बसले, तर ‘चिरंजीवास’च्या पुढे पेन सरकेना. मग त्यांनी आपल्याला येत होतं ते केलं. मुलाच्या जुन्या खोलीचा नकाशा काढला. त्यात नवी खाट, लांबी साडेसहा फूट. खिडकीशी स्वतःचं आखणीचं टेबल होतं, तेही दाखवलं. कोपऱ्यात, कचेरीत प्रत्येक नकाशावर लिहीत तसं लिहिलं: ‘तपासून परत पाठवावे.’ आणि नकाशा मुलाच्या नावानं गोदीच्या पत्त्यावर पोस्टात टाकला.

पाचव्या आठवड्यात नकाशा परत आला. सोबत चिठ्ठी नव्हती. लाल पेन्सिलीच्या खुणा मात्र होत्या. कचेरीत लाल पेन्सिल फक्त अण्णांच्या हातात असे. त्यांच्या नकाशाला ती कुणी लावली नव्हती.

खाटेच्या लांबीवर बरोबरची खूण. रुंदी तीन फूट होती, ती खोडून पाच केलेली. म्हणजे लग्न झालं होतं. आणि खिडकीशी, टेबलावर फुली मारून, एक लहान चौकोन काढलेला: ‘खाट. वय पाच. वाढायला जागा ठेवा.’

अण्णा खाली बसले. पाच वर्षं एक जीव चालत होता, बोलत होता, पडत होता, आणि आजोबाला पत्ता नव्हता. त्यांनी स्वतःला भरपूर शिव्या दिल्या. मग टेबलावरचं सामान काढलं, टेबल ओढत ओढत बाहेरच्या खोलीत नेलं आणि नकाशा त्यावर पसरला. लहान खाटेची लांबी त्यांनी साडेसहा फूट लिहिली. नात की नातू, ते मुलानं लिहिलंच नव्हतं.

चौकोनाच्या आत त्यांनी पेन्सिलीनं विचारलं, ‘नाव काय?’ आणि खाली पुन्हा लिहिलं, ‘तपासून परत पाठवावे.’